सव्वीस पिढ्यांची वाईन, टेकडीच्या पोटात

फ्लॉरेन्सहून सिएनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बार्जिनो नावाचं छोटं गाव लागतं. तिथल्या टेकडीवर वरपर्यंत द्राक्षवेली आहेत आणि त्यांच्यामधून गेलेल्या दोन लांबलचक आडव्या फटी. रस्त्यावरून दिसतं ते एवढंच. वेलींच्या खाली, मातीच्या आत, अख्खी वायनरी वसलेली आहे. 2012मध्ये अंतिनोरी घराण्यानं ती उघडली आणि 2022मध्ये ‘वर्ल्ड्स बेस्ट व्हिनयार्ड्स’च्या यादीत ती जगात पहिली आली. पाच शतकांचा वाडा मिरवू शकणाऱ्या घराण्यानं पाहुण्यांना बोलावलं ते मात्र कोऱ्या करकरीत इमारतीत!

अंतिनोरींचा पूर्वज जोव्हान्नी दि पिएरो 1385मध्ये फ्लॉरेन्सच्या वाईन व्यापाऱ्यांच्या संघाचा सभासद झाला. दख्खनेत तेव्हा बहमनी सुलतानांचा अंमल होता. रेशमाचा व्यापार आणि सावकारी हेही घराण्याचे धंदे होते. 1506मध्ये निक्कोलो अंतिनोरीनं शहरात मोक्याच्या जागी वाडा घेतला. घराण्याचं मुख्य कार्यालय आजही तिथंच आहे.

फ्लॉरेन्समध्ये हिंडणाऱ्यांनी अशा जुन्या वाड्यांच्या भिंती नीट पाहाव्यात. हातभर उंचीची, वर कमान असलेली छोटी खिडकी बऱ्याच ठिकाणी दिसते. सरदार घराणी आपल्या मळ्यातली वाईन या खिडकीतून थेट गिऱ्हाइकाला विकत. मध्ये ना दुकानदार, ना गुत्ता. 1630च्या दशकात प्लेग आला तेव्हा गिऱ्हाइकाला न शिवता विक्री करायला त्या फार सोयीच्या ठरल्या, आणि 2020मध्ये करोनाच्या काळात त्यांतल्या काही पुन्हा उघडल्या.

एवढ्या जुन्या घराण्याकडून परंपरेचा कडक सोवळेपणा अपेक्षित असतो. पण अंतिनोरींचं नाव विसाव्या शतकात गाजलं ते नियम मोडल्यामुळे. 1966मध्ये पिएरो अंतिनोरी यांच्या हाती कारभार आला तेव्हा याच टेकड्यांतल्या किआंती वाईनची पत घसरलेली होती. सरकारी नियमानुसार किआंतीच्या तांबड्या वाईनमध्ये सांजोवेजे या काळ्या द्राक्षाबरोबर थोडी पांढरी द्राक्षं घालणं सक्तीचं होतं. त्यानं उत्पादन वाढे, पण वाईन पातळ होई आणि फार काळ टिकत नसे. पिएरो आणि त्यांचे वाईनतज्ज्ञ जाकोमो ताकिस यांनी तिन्यानेल्लो नावाच्या मळ्यातली वाईन ओकच्या लहान पिंपांत मुरवली. 1971च्या हंगामापासून बाटलीवरून ‘किआंती’ हे नाव उतरवलं, 1975पर्यंत पांढरी द्राक्षं साफ काढून टाकली आणि फ्रेंच काबर्ने सोव्हिन्यों वाणाची जोड दिली. कायद्याच्या लेखी ती आता साधी ‘टेबल वाईन’ झाली, म्हणजे सगळ्यांत खालची पायरी. किंमत मात्र वरच्या पायरीची. गिऱ्हाइकांनी कायद्यापेक्षा जिभेचं ऐकलं. पुढे नियमच इतके फिरले की 2006च्या हंगामापासून ‘किआंती क्लासिको’त पांढऱ्या द्राक्षांना बंदी झाली. तिन्यानेल्लोच्या बाटलीवर मात्र किआंतीचं नाव आजही नाही. त्या नावावाचून तिचं काही अडत नाही.

सांजोवेजे आणि काबर्ने सोव्हिन्यों ही जोडी महाराष्ट्रालाही अनोळखी नाही. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात फ्रातेल्ली या वायनरीनं सांजोवेजेची लागवड केली. तिची ‘सेत्ते’ ही वाईन याच दोन वाणांची, आणि ती घडवणारे पिएरो मासी मूळचे फ्लॉरेन्स ज्या प्रांतात आहे त्या तोस्कानाचेच.

घराण्याची वायनरी घराण्यात राखणं हे चांगली वाईन करण्याइतकंच अवघड. अंतिनोरींच्या कंपनीतला हिस्सा 1980च्या दशकात व्हिटब्रेड या ब्रिटिश बीर कंपनीकडे गेला होता; पिएरोंनी तो 1991मध्ये परत विकत घेतला. त्यांना तीन मुलीच. सहा शतकं बापाकडून मुलाकडे चालत आलेला वारसा आता आल्बिएरा, आल्लेग्रा आणि आलेस्सिया या बहिणींकडे आहे, आणि कंपनीच्या अध्यक्षपदी आल्बिएरा आहेत. घराण्याची ही सव्विसावी पिढी.

बार्जिनोची इमारत मार्को काझामोन्ती यांच्या आर्केआ या संस्थेनं आखली. द्राक्षं वरच्या पातळीवर येतात आणि आपल्याच वजनानं खालच्या टाक्यांत उतरतात, त्यामुळे पंपाचे धक्के बसत नाहीत. गारव्याची बरीचशी जबाबदारी अंगावरच्या मातीनं उचलली आहे. पिंपांच्या तळघरावर भाजक्या मातीच्या उंच कमानी आहेत आणि त्या अंधारात अधांतरी काढलेल्या काचेच्या खोल्यांत पाहुणे चव घ्यायला बसतात. बाहेर गंजल्या रंगाच्या पोलादाचा गोल जिना थेट गच्चीवर जातो. वाईन न पिणाऱ्यानंही केवळ बांधकामासाठी अर्धा दिवस द्यावा, अशी ही जागा आहे.

मात्र आधी नोंदणी करूनच जावं, आणि परतताना गाडी चालवणारा माणूस न पिणारा असावा. फ्लॉरेन्सबाहेर पडायला वेळ नसेल, तर शहरातल्या वाड्यातच 1957पासून ‘कांतिनेत्ता अंतिनोरी’ हे रेस्टॉरंट आहे. तोस्कानी जेवणाबरोबर घराण्याच्या मळ्यांतली वाईन तिथं चाखता येते.