महाविद्यालयीन धावसंघाची वाट : वेगाइतकाच प्रवेशअर्जही महत्त्वाचा

भिलाई : महाविद्यालयाच्या धावसंघातून स्पर्धेत उतरण्याची आशा बाळगणाऱ्या विद्यार्थ्याचे भवितव्य केवळ त्याच्या वेगावर ठरत नाही. बारावीनंतर प्रवेशअर्ज भरताना त्याने निवडलेला शिक्षणाचा प्रकार, त्याचे वय आणि संघातील मागच्या धावपटूंची कामगिरी या बाबीही तितक्याच निर्णायक ठरतात. छत्तीसगडमधील अहिवारासारख्या लहान शहरांतील विद्यार्थ्यांनी ही रचना वेळीच समजून घेणे आवश्यक आहे.

दुर्ग जिल्ह्यातील अहिवारा हे शहर भिलाई पोलाद कारखान्याला चुनखडी पुरवणाऱ्या नंदिनी खाणींच्या परिसरात वसलेले आहे. जिल्ह्यातील महाविद्यालये २०१५ मध्ये स्थापन झालेल्या आणि आता हेमचंद यादव यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुर्ग येथील विद्यापीठाशी संलग्न आहेत. महाविद्यालयाचा संघ, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून विद्यापीठाचा संघ आणि पुढे भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा, अशा पायऱ्यांनी विद्यार्थी धावपटू पुढे जातो.

पहिली अट पात्रतेची आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धेत केवळ पूर्णवेळ नियमित विद्यार्थ्यालाच भाग घेता येतो आणि त्यासाठी वयाची कमाल मर्यादा २५ वर्षे आहे. छत्तीसगडमध्ये नोकरी किंवा मजुरी सांभाळून शिकणारे अनेक जण ‘स्वाध्यायी’, म्हणजेच बहिःस्थ, परीक्षार्थी म्हणून पदवी घेतात. पदवीच्या दृष्टीने हा मार्ग उपयुक्त असला, तरी त्यामुळे विद्यापीठ संघाचे दार बंद होते. घरखर्चासाठी कमावणे आणि धावणे यांपैकी एकाची निवड अनेकांना येथेच करावी लागते. कमाईसाठी शिक्षणात काही वर्षांचा खंड पडल्यास वयोमर्यादेचा अवधीही कमी होत जातो.

दुसरी बाब संघाच्या गुणपद्धतीची आहे. क्रॉसकंट्री, म्हणजे मैदान व माळरानावरील लांब पल्ल्याच्या शर्यतीत, धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज केली जाते आणि सर्वांत कमी बेरीज असलेला संघ विजयी ठरतो. जागतिक क्रॉसकंट्री स्पर्धेतील वरिष्ठ गटात प्रत्येक देशाचे सहा धावपटू उतरतात व पहिल्या चौघांचे क्रमांक धरले जातात. अमेरिकी महाविद्यालयांत सात जण धावतात आणि पाच जणांचे क्रमांक मोजले जातात. समजा, चार धावपटूंच्या गणनेत एका संघाचे क्रमांक १, १२, २० आणि ३५ आले, तर बेरीज ६८ होते. दुसऱ्या संघाचे क्रमांक ८, ११, १५ आणि २२ असल्यास बेरीज ५६ होते. पहिल्या सातांत एकही धावपटू नसताना दुसरा संघ जिंकतो. त्यामुळे वैयक्तिक पदकाच्या जवळपासही नसलेल्या, परंतु सातत्य राखणाऱ्या विद्यार्थ्याला संघात मोल असते.

तिसरा प्रश्न सरावाचा आहे. लहान गावांत धावणाऱ्या तरुणांचा मोठा वर्ग सैन्य व पोलीस भरतीची तयारी करतो. अग्निवीर भरतीतील धाव १.६ किलोमीटरची असते, तर जागतिक क्रॉसकंट्रीत वरिष्ठ गटातील पुरुष व महिला दोघांनाही १० किलोमीटर धावावे लागते. भरतीची तयारी वेगाचा पाया देते, मात्र लांब पल्ल्यासाठी आठवड्याचे एकूण अंतर अनेक महिन्यांत हळूहळू वाढवावे लागते. या प्रकारासाठी कृत्रिम धावपट्टी अनिवार्य नसते, ही अशा गावांतील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने जमेची बाजू आहे.

ही वाट कुठवर जाऊ शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याच्या ग्रामीण भागातून आलेल्या संजीवनी जाधव हिने विद्यार्थीदशेत, २०१७ मध्ये, तैपेई येथील जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेत १० हजार मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवले. त्याच वर्षी भुवनेश्वर येथील आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत तिने पाच हजार मीटरमध्ये कांस्यपदक पटकावले होते.

ट्रॅकवरील शर्यतींसाठी खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धेचा टप्पाही आता उपलब्ध आहे. तिचे पहिले पर्व २०२० मध्ये ओडिशात झाले. आंतरविद्यापीठ स्पर्धेतील कामगिरी हा तेथील प्रवेशाचा मुख्य आधार असतो. खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूंना दरमहा १० हजार रुपये भत्ता मिळतो. मात्र तो निवडीनंतरच सुरू होतो. महाविद्यालयाची पहिली दोन-तीन वर्षे, म्हणजे बूट, आहार आणि प्रवास यांचा खर्च सर्वाधिक जाणवणारा काळ, बहुतेक कुटुंबांना स्वतःच्या बळावरच काढावा लागतो.

त्यामुळे अशा विद्यार्थ्याने प्रवेश घेण्यापूर्वीच महाविद्यालयाच्या क्रीडा विभागाकडे निवड चाचणीची तारीख आणि आवश्यक कागदपत्रांची चौकशी करणे हिताचे ठरते.