राणीबाई, तुमचं माहेर कोणतं?

बालदोस्तांनो, पहिल्या पावसानंतरची संध्याकाळ आठवा. दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांची केवढी गर्दी! सकाळी पाहावं, तर अंगणात पंखांचा सडा. तिथं एखादी जाडजूड, बिनपंखांची मुंगी घाईघाईनं फिरताना दिसली, तर थांबा. ती राणी असू शकेल. पण कोणत्या मुंग्यांची?

आधी ती मुंगीच आहे ना, ते पाहा. वाळवीलाही पंख फुटतात, बरं का! वाळवीची कंबर जाड, मिशा सरळ आणि चारही पंख सारख्या लांबीचे. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे.

आता राणीची खूण. उडण्याचे स्नायू छातीत असतात, म्हणून तिची छाती कामकरी मुंगीपेक्षा फुगीर दिसते. पंख गळाले, तरी ते जिथं जोडलेले होते तिथं वण राहतात.

मग भिंग घ्या आणि कंबरेवरचे मणी मोजा. काळ्या मुंगळ्याच्या राणीला एकच मणी असतो. कोकणात झाडाची पानं जोडून घर करणाऱ्या तांबूस ओंबिलांच्या राणीलाही एकच. पण ती चक्क हिरवट असते! ज्यांच्यात मोठ्या डोक्याच्या शिपाई मुंग्या असतात, त्या बारक्या मुंग्यांच्या राणीला मात्र दोन मणी.

म्हणजे मणी मोजले की नाव कळलं? छे! मण्यांवरून फक्त घराणं कळतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या यादीत भारतातल्या मुंग्यांच्या ८२८ जाती-उपजाती आहेत. शिवाय मुंग्या ओळखायची पुस्तकं बहुतेक कामकरी मुंग्यांवरून लिहिलेली असतात आणि राणी तर त्यांच्यापेक्षा वेगळी दिसते. एकट्या राणीकडे पाहून जाणकारही पुष्कळदा गटाच्या नावापाशी थांबतात. तुम्हीही वहीत ‘मुंगळ्यांच्या गटातली राणी’ एवढंच लिहिलंत, तरी ते बरोबरच.

आणखी पुढं जायचंय? मग तिचं माहेर शोधा! पावसानंतर वारुळाच्या किंवा बिळाच्या तोंडाशी पंखवाल्या राण्या बाहेर पडताना पाहा. त्यांच्या आजूबाजूला त्याच घरातल्या कामकरी मुंग्या वावरत असतात. त्यांचा रंग, आकार, डोकं आणि घर कुठं आहे, हे सगळं टिपून घ्या. राणीची सर्वांत पक्की ओळख तिथंच मिळते.

राणीला जवळून पाहायचं असेल, तर बाटलीत अलगद घ्या. हातात नको, काही राण्या डंख मारतात. पाच मिनिटं पाहा, चित्र काढा आणि जिथं सापडली तिथंच ओल्या मातीवर सोडा.

पालकहो, मुलांनी राणी घरी ठेवायचा हट्ट धरला, तर त्यांना एवढं जरूर सांगा. मुंगळ्याची राणी जमिनीत स्वतःला कोंडून घेते आणि काही न खाता पहिली पिल्लं वाढवते. उडण्याचे स्नायू आता तिला नको असतात. ते विरघळतात आणि त्यांवरच पिल्लं पोसली जातात. तिला सारखं उघडून पाहिलं, तर बिथरून ती स्वतःचीच अंडी खाऊन टाकते.

मुलांनो, बाटलीत दिसते ती एकच मुंगी. पण तिच्या पोटात एक अख्खं गाव असतं. ते वसू द्या हं!