धोटा, रंग आणि जात : एका तुलनेतील श्रमाचा प्रश्न

दलित साहित्य आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य यांची तुलना मराठी समीक्षेला नवी नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपली 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामीविरोधकांना अर्पण केली. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. 'ब्लॅक पँथर'च्या (१९६६) धर्तीवर मुंबईत १९७२ साली 'दलित पँथर' उभी राहिली. हे दुवे सर्वज्ञात आहेत. मात्र त्यांवरच थांबणारी तुलना नावांची आणि घोषणांची होते. अवहेलना जेथे रोज वाट्याला येत होती, ते कामाचे ठिकाण तिच्यातून निसटते.

मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात सहसा शिरकाव नसे. कांडी बदलली की नवा दोरा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाचे तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या हाती जाणार, म्हणून स्पृश्य विणकर विटाळ मानीत. अधिक मजुरीचे खाते अशा रीतीने बंद राहिले, आणि ते बंद ठेवण्यात मालकांपेक्षा सहकामगारांचा हात मोठा होता. १९२८ च्या सार्वत्रिक संपात आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांनी तो नाखुशीनेच स्वीकारला. अर्थात 'आंबेडकर विरुद्ध लाल बावटा' हे सोपे समीकरणही खरे नव्हे : ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले होते.

अमेरिकेतही गोऱ्या कारागिरांच्या अनेक संघटनांनी कृष्णवर्णीयांना सभासदत्व नाकारले. पुलमन कंपनीच्या शयनयान डब्यांतील कृष्णवर्णीय सेवकांनी ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली १९२५ साली स्वतःची संघटना काढली. कंपनीशी करार व्हायला १९३७ उजाडले. प्रवासी या सेवकांना सरसकट 'जॉर्ज' म्हणत. ते नाव कंपनीचा संस्थापक जॉर्ज पुलमन याचे. गुलामाला धन्याचे नाव लावण्याची रीत अशी आगगाडीत चढली. द्यु बॉइस यांनी १९३५ साली 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' या ग्रंथात दाखवले की, गोऱ्या मजुराला तुटपुंज्या वेतनाबरोबर वर्णप्रतिष्ठेचेही एक वेतन मिळत असते. पुढच्याच वर्षी आंबेडकरांनी जातिनिर्मूलनाच्या निबंधात, जात कामाबरोबर कामगारांनाही विभागते, असे प्रतिपादन केले. येथे कोणाचा कोणावर प्रभाव, हे शोधण्याचा मोह आवरावा. विटाळाने राखलेले विणकाम खाते आणि वर्णाने राखलेली संघटना यांतील साधर्म्य त्यावाचूनही स्पष्ट आहे.

भेदही तितकाच महत्त्वाचा. रंग दिसतो, जात विचारावी लागते. गोरे म्हणून वावरणाऱ्या कृष्णवर्णीयांची कथा नेला लार्सन यांच्या 'पासिंग' (१९२९) या कादंबरीत येते, परंतु तिचे क्षेत्र विवाह आणि मध्यमवर्गीय समाज हे आहे. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेत (संग्रह १९६३) जात लपवली जाते ती रेल्वेत नोकरीला लागताना, भाड्याने खोली मिळवताना. पोट आणि निवारा यांसाठीची ही चोरी आहे. दिल्लीत ही कथा बहुधा हिंदी वा इंग्रजी अनुवादातून वाचली जाते आणि चर्चा अस्मितेच्या पेचावर स्थिरावते. कामाचे ठिकाण पार्श्वभूमी होऊन जाते, हे मला खटकते. कारण त्याच ठिकाणी काशिनाथ हा दुसरा दलित कामगार आहे. तो जात लपवीत नाही, आणि निवेदकाला मारहाण होते तेव्हा धावून येतो तो तोच.