डेम्लो संख्या

गणित हा विषय पुष्कळ विद्यार्थ्यांना रुक्ष वाटतो. सूत्र पाठ करावे, त्यात आकडे घालावे आणि उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानाशी ताडून पाहावे, एवढ्यावरच अभ्यास थांबला, की मनात भीती तेवढी उरते. गोडी लागत नाही. परंतु ती गोडी आकड्यांतच दडलेली असते, हे एका शाळामास्तरांनी जन्मभर दाखवून दिले. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १९०५ साली, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू येथे झाला. त्यांचे माध्यमिक शिक्षण ठाण्यास व पुढील शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळील देवळाली येथे शिक्षक होते.

ठाण्याहून कल्याणकडे जाताना वाटेत डोंबिवली स्थानक लागते. या स्थानकावर कापरेकरांना एका संख्याकुळाची कल्पना सुचली, म्हणून त्यांनी त्याला स्थानकाच्या नावावरून ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले. त्या कुळातील सर्वांत सुबक संख्या अशा :

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

आकडे एकेक पायरी चढतात आणि तसेच उतरतात. हे असे का व्हावे? १११ × १११ हा गुणाकार मांडताना १११ ही संख्या तीन ओळींत, प्रत्येक वेळी एक घर डावीकडे सरकवून लिहावी लागते. उभ्या रांगांत अनुक्रमे एक, दोन, तीन, दोन आणि एक असे ‘एक’ येतात. तेच उत्तरातील अंक होत. तीन ओळींत मिळून नऊ ‘एक’ असतात. म्हणून १२३२१ मधील अंकांची बेरीजही ९ च येते.

नऊ ‘एक’ घेईपर्यंत ही शोभा टिकते. दहा घेतले, की मधल्या रांगेची बेरीज १० होते, हातचा येतो व मांडणी मोडते. ती का मोडली हे ज्याला उमगले, त्याला हातच्याचा अर्थ खऱ्या रीतीने कळला असे समजावे.

कापरेकरांच्या या छंदाकडे प्रारंभी अनेक गणितज्ञांनी गंभीरपणे पाहिले नाही. तथापि ते खचले नाहीत. ६१७४ ही संख्या आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून जगभर ओळखली जाते. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव दूरदेशी पोहोचले.

या संशोधनास ना प्रयोगशाळा लागली, ना महागडी साधने. कागद, पेन्सिल आणि ‘असे का?’ हा प्रश्न एवढेच पुरले. ज्या वर्गात उत्तराइतकाच या प्रश्नालाही मान मिळतो, त्या वर्गात गणिताचे भय फार काळ टिकत नाही.