विश्लेषण : प्रोग्रामिंगची पहिली भाषा कोणती?

मगरपट्टा, खराडीची आयटी संकुले मांजरीपासून जवळच. त्यामुळे येथील विद्यार्थ्यांना बारावीनंतर प्रश्न पडतो : आधी सी शिकावी की पायथन?

फरक काय?
१९७२च्या सुमारास आलेल्या ‘सी’मध्ये प्रत्येक व्हेरिएबलचा प्रकार आधी सांगावा लागतो, मेमरी कशी वापरली जाते, हेही त्यातून कळते. १९९१च्या ‘पायथन’मध्ये तेच काम मोजक्या ओळींत होते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासक्रमात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला पायथन होती.

निवड कशी करावी?
वेबसाइट बनवायची तर जावास्क्रिप्ट, माहितीचे विश्लेषण करायचे तर पायथन, यंत्रांतील चिपसाठी सी. तिन्ही मोफत मिळतात. क्लासची फी भरण्याआधी महिनाभर घरीच करून पाहावे. अट, लूप, फंक्शन एका भाषेत पक्के झाले, की दुसरी लवकर जमते. सारखी भाषा बदलल्यास पाया कच्चाच राहतो.