काळ्या भुंग्याला किती घाबरावे?

आमच्या चिखलोली परिसरात जुन्या कौलारू घरांचे वासे आणि परसातले मांडवाचे बांबू अजून काही ठिकाणी दिसतात. ऊन तापू लागले की त्यांच्याभोवती मोठा काळा भुंगा घुं घुं करत फिरतो आणि दवाखान्यात प्रश्न येतो, "डॉक्टर, हा डसला तर माणूस दगावतो का?"

भुंगा हा मधमाशीचाच दांडगा नातलग. लांबी साधारण 2 ते 3 सेंटिमीटर, अंग काळे कुळकुळीत, पंखांवर उन्हात निळी-जांभळी झाक. काही जातींत छातीवर पिवळी लव असते. याचे मोहोळ नसते, झुंडीने हल्ला नसतो. मादी एकटीच कोरड्या लाकडाला किंवा बांबूला जबड्याने गोल भोक पाडते, आत बोगदा कोरते, पराग आणि मधुरसाचा गोळा ठेवून त्यावर एक अंडे घालते आणि भुशाचा पडदा लावून पुढची खोली तयार करते. खाली भुसा पडला की लोक वाळवी समजतात. पण भुंगा लाकूड खात नाही, नुसते कोरतो. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या मोहाला दिलेला दृष्टांत याच लाकूड कोरणाऱ्या भ्रमराचा आहे.

तोंडासमोर येऊन एका जागी घिरट्या घालतो तो बहुधा नर. त्याला नांगीच नसते, सगळा आव! मादीला नांगी असते, पण हातात धरली किंवा दाबली गेली तरच ती डसते. कपडे वाळत घालायचा पोकळ बांबू निष्काळजीपणे उचलताना असे होऊ शकते. तिची नांगी मधमाशीसारखी कातडीत रुतून राहत नाही, त्यामुळे काटा शोधत जखम कोरू नये. साबण-पाण्याने धुवावे, बर्फ कापडात गुंडाळून लावावा. चुना, तंबाखू काही लावू नये. सूज, आग आणि खाज दोन-तीन दिवसांत उतरते.

धोका असतो तो ॲलर्जीचा. अंगभर गांधी उठणे, ओठ किंवा जीभ सुजणे, घसा आवळणे, दम लागणे, चक्कर येणे, यातले काही दिसले तर घरगुती उपाय करत बसू नका. रोग्याला आडवे करून पाय उंच ठेवा, दम लागत असेल तर बसू द्या, आणि लगेच रुग्णालय गाठा. तिथे मांडीत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन वेळेत मिळणे महत्त्वाचे. गोळीवर विसंबू नये. तोंडात किंवा घशात दंश झाला तर लक्षणांची वाटही पाहू नये.

खरे सांगायचे तर माझ्याकडे दंशापेक्षा भुंगा हाकलताना शिडीवरून पडलेले आणि कीटकनाशक डोळ्यांत गेलेले रुग्णच जास्त आले. भोकात रॉकेल ओतून काडी लावणे हा तर शुद्ध वेडेपणा. शिवाय तूर, ताग, रुई यांच्या फुलांना परागीभवनासाठी हा भुंगा उपयोगी पडतो. भीमाशंकरच्या जंगलात तर अंधाऱ्या रात्री फुलांवर जाणारी याची एक जात अभ्यासकांनी नोंदवली आहे.

वासा वाचवायचा असेल तर रंग किंवा व्हार्निश द्यावे. जुने भोक आत कोणी नाही याची खात्री करून लांबीने बुजवावे. आणि परसात एक-दोन सुके बांबू आडवे बांधून ठेवले, तर भुंगा बहुतेक वेळा तिकडेच वळतो.