विद्यापीठाचें दप्तर आणि कुलसचिवाचा अधिकार

जुन्या कागदाची परीक्षा करतांना अक्षर, शिक्का व मिती यांइतकेंच आणखी एक पाहावें लागतें. तो कागद कोणाच्या हातून निघाला व कोणाच्या ताब्यांत राहिला. हीच कसोटी विद्यापीठाच्या कचेरीस लाविली असतां तिची रचना नीट उलगडते. उदाहरणादाखल महाराष्ट्रांतील सार्वजनिक विद्यापीठें घेऊं.

मुंबई विद्यापीठ १८५७ च्या २२ व्या कायद्यानें स्थापन झालें. आरंभीं त्याचें काम परीक्षा घेणें व पदव्या देणें एवढेंच होतें. १९०४ च्या कायद्यानें अध्यापनासहि वाव मिळाला आणि पुढें कारभार विस्तारत गेला. सांप्रत तो महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ यास अनुसरून चालतो.

या व्यवस्थेंत कुलगुरूंच्या देखरेखीखालीं कुलसचिव हा मुख्य प्रशासकीय अधिकारी असतो. त्याच्या हाताखालीं उपकुलसचिव, सहायक कुलसचिव, कक्ष अधिकारी, लिपिक व शिपाई अशी उतरंड आहे. हिशेब वित्त व लेखा अधिकाऱ्याकडे आणि परीक्षा स्वतंत्र संचालकाकडे असतात. सहायक कुलसचिव व त्यावरील अधिकाऱ्यांची नेमणूक आणि शिस्त कुलगुरूंकडे; त्याखालील शिक्षकेतर सेवकांची कुलसचिवाकडे. कुलसचिवाच्या निर्णयावर तीस दिवसांत कुलगुरूंकडे अपील करतां येतें. नवीं पदें निर्माण करण्यास मात्र राज्यशासनाची पूर्वमान्यता लागते. म्हणजे नेमणारा, अपील ऐकणारा व पदास मान्यता देणारा हे तिघे निराळे ठेविले आहेत.

ही विभागणी आपल्या वाचकांस अपरिचित वाटूं नये. पेशवाईंत मोठ्या मामलतींतून दिवाण, मुजुमदार, फडणीस, चिटणीस इत्यादि दरकदार असत. त्यांस काढण्याचा अधिकार मामलेदारास नसे, आणि मामलेदाराच्या हुकुमावर दिवाणाची सही लागे. एकाच्या कामावर दुसऱ्याची नजर राहावी हा त्यांतील हेतु. भेद इतकाच कीं, दरक बहुधा वंशपरंपरेनें चाले, तर कुलसचिव निवडीनें व मुदतबंद नेमला जातो.

तथापि एका बाबतींत आजची व्यवस्था जुनीहून निराळी आहे. विद्यापीठाचे अभिलेख व सामाईक मुद्रा कुलसचिवाच्याच ताब्यांत असतात, आणि अधिसभा व व्यवस्थापन परिषद यांचा सचिवहि तोच. सेवकांवर देखरेख करणारा व कागद सांभाळणारा एकच झाला. यांत सोय आहे. कागद हरवल्यास जबाब कोणास विचारावा याविषयीं संशय राहत नाहीं. पण धोकाहि आहे. ज्याच्या निर्णयाविरुद्ध सेवक अपील करतो, त्याच्याच दप्तरांतील कागदावर त्या अपिलाचा निकाल अवलंबून असतो. दप्तर अव्यवस्थित असेल तर न्यायहि लंगडा पडतो, आणि अशा वेळीं सर्वांत अधिक नुकसान कनिष्ठ सेवकाचें होतें.

यावर उपाय साधा आहे. कुलसचिव बदलतांना दप्तराची रुमालवार याद करावी, ती उभयतांच्या सह्यांनी पुरी करावी, आणि तिची एक प्रत कुलगुरूंकडे ठेवावी. जुन्या दप्तरांच्या यादी नीट राहिल्या तेथें संशोधकाचें काम सुकर झालें. जेथें राहिल्या नाहींत तेथें काय गमावलें हेंहि कळण्यास मार्ग उरला नाहीं. आजच्या हजेरीपत्रकांचें व नेमणुकीच्या हुकुमांचें मोल उद्यांचा संशोधक ठरवील. तोंवर ते जतन करणें हें कचेरीचें कर्तव्य होय.